खंडेनवमीला लावलेली धार

आधी काकूंचं सांगतो, झालं काय ते नंतर.

काकू नागपूरच्या. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. अंगात पंजाबी ड्रेस, वरून मुलाचं जुनं फुगीर जाकीट आणि गळ्यात इथल्या हॉकी टीमचा केशरी-काळा मफलर. मुलगा इथे परदेशात, नोव्हाय गावी गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, सूनही नोकरीवाली, म्हणून दर शनिवारी सकाळी नातीला आइस स्केटिंगच्या क्लासला सांभाळायचं काम काकूंकडे. मुलगा दोघींना रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, दारात सोडून जायचा. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत, गावच्या नाहीत. पण त्या एका शनिवारी त्या माझ्याजवळ उभ्या राहिल्या नसत्या तर आज मी कराडला असतो, आणि "का रे परत आलास?" म्हणणाऱ्या प्रत्येकाला वेगवेगळी थाप मारत बसलो असतो.

मी रिंकमधल्या दुकानात स्केटच्या पात्यांना धार लावतो. शाळा नववीत सुटली. वडिलांचं कराडला मंडईमागे धार लावायचं दुकान होतं. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, ऊसतोडीच्या दिवसांत कोयत्यांचे ढीग. शाळा सुटल्यावर मी तिथेच बसलो आणि वीस-बावीस वर्षं बसून राहिलो. लग्न जमलं नाही, आणि जमलं नाही याचं मीही फारसं वाटून घेतलं नाही. वडील गेल्यावर ताईनं मला इकडे आणायचा अर्ज केला. ती लग्न होऊन इकडे आलेली, दाजी इंजिनिअर. अर्ज इतकी वर्षं पडून होता की मी तो विसरलोही होतो, आणि एक दिवस बोलावणं आलं. ताईच्या बेसमेंटमध्ये माझी गादी पडली.

इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मला सगळ्याचीच भीती वाटायची. फोन वाजला की भीती, दारात पोस्टमन दिसला की भीती. दुकानात कुणी "हाउ आर यू" म्हटलं तर खरं उत्तर द्यायचं की नाही, याची भीती. दाजी म्हणायचे, "तू घाबरतोस म्हणजे नक्की कुणाला घाबरतोस ते तरी सांग." ते मला सांगता यायचं नाही.

भाचीच्या शाळेची सहल रिंकवर होती तेव्हा मी तिच्यासोबत गेलो. मुलं बर्फावर पडत होती, उठत होती. मी मात्र एका काचेसमोर खिळलो होतो. आत एक माणूस स्केटचा बूट उलटा धरून फिरत्या चाकावरून पातं नेत होता. ठिणग्या उडत होत्या. तो वास! आठ हजार मैल लांब, हिवाळ्यात, आमच्या मंडईमागचा वास. मी ताईला म्हटलं, हे मला येतं. ताई म्हणाली, "विचार की मग." मी विचारलं नाही, तिनंच विचारलं. मालकिणीनं माझ्या हातात एक जुनाट स्केट दिला, मी त्याला धार लावून दाखवली, तिनं नखावर पातं टेकवून बघितलं आणि म्हणाली, सोमवारपासून ये.

स्केटच्या धारेत एक गंमत आहे. कोयत्याला एक धार असते, या पात्याला दोन. पात्याच्या तळाला लांबीभर एक बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन काठांना धार. पन्हळ खोल केली की काठ बर्फात रुततात, पाय घट्ट बसतो. उथळ ठेवली की पाय सरकतो. लहान मुलांना खोल लागते, पडत नाहीत. मोठे खेळाडू आपापल्या सवयीप्रमाणे सांगतात. पन्हळ किती खोल हे चाकाच्या आकारावर ठरतं, आणि तो आकार चाकाला हिऱ्याच्या टोकानं द्यावा लागतो. एका माणसाचं झालं की दुसऱ्याच्या आधी चाकाचा आकार बदलून घ्यायचा. शिकायला मला महिनाभर लागला. त्यानंतर माझ्या हातून चूक झाली नाही. म्हणजे त्या शनिवारपर्यंत.

आता त्या पोराचं सांगतो, ज्याच्यामुळे हे सगळं आहे.

आमच्या रिंकची ज्युनियर हॉकी टीम. त्यात तो पंधराव्या वर्षी आला. हाडं सगळी बाहेर, मान लांब, आणि बर्फाबाहेर चालताना पायात पाय अडकणारा. बर्फावर उतरला की दुसराच कुणी. पहिल्याच वर्षी टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलांचा गोलांचा रेकॉर्ड त्यानं मोडला, तोही सीझन संपायच्या कितीतरी आधी. मग अख्ख्या लीगचा मोडला. दुकानात येणारे म्हातारे म्हणायचे, असा पोरगा आम्ही याआधी आयुष्यात एकदाच बघितला, आणि मग तो कोण यावरून भांडायचे. शाळकरी पोरं त्याच्यासारखे केस कापून यायची. शेजारच्या राज्यांतून लोक गाडी हाकत यायचे, त्याच्या मॅचला. आणि तो? तो सगळ्यांना "सर" म्हणायचा. मलासुद्धा.

पेपरात त्याच्याबद्दल छापून यायचं ते मला अक्षर लावून लावून वाचावं लागायचं. पण त्याचं पातं मी एका नजरेत वाचायचो. डाव्या पायाचा आतला काठ पुढच्या बाजूला नेहमी जास्त झिजलेला. मारायच्या आधी तो डावीकडे एकदम वळतो आणि आडवा सरकतो, समोरचा फसतो, आणि ती रबराची काळी चकती जाळ्यात. हे टीव्हीवाल्यांनी नंतर सांगितलं. मला त्याच्या स्केटनं आधीच सांगितलं होतं. त्या आडव्या सरकण्यासाठी त्याला पन्हळ उथळ लागायची. अगदी उथळ. आणि धार फक्त माझ्या हातची. दुसरा कुणी असला तर तो बूट परत घेऊन जायचा. हे त्यानं मालकिणीला सांगितलं होतं, मालकिणीनं मला, आणि मी ताईला. ताईनं त्या दिवशी शिरा केला होता.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला त्याचा एक सिलसिला चालू होता. लागोपाठ प्रत्येक मॅचमध्ये गोल. मागच्या सीझनच्या शेवटापासून चाललेला. रिंकच्या भिंतीवर लाकडी पाटी आहे, तिच्यावर या रेकॉर्डपुढे एका माणसाचं नाव कोरलेलं, माझ्या जन्माच्या आधीचं. आदल्या आठवड्यात पोरानं बरोबरी केली. आता शनिवारी दुपारच्या मॅचमध्ये एक गोल, की पाटीवर नवं नाव.

आणि तो शनिवार म्हणजे खंडेनवमी.

वडिलांच्या दुकानात खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. सकाळी दुकानातलं प्रत्येक हत्यार धुवायचं, पुसायचं, धार लावायची. गिऱ्हाइकाची आलेली वस्तूसुद्धा तशीच ठेवायची नाही. मग हळद-कुंकू, झेंडूचं फूल, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात नाही, त्याचा आरामाचा दिवस. इथे आल्यावरही मी ते पाळत होतो. मालकिणीनं पहिल्या वर्षी विचारलं होतं, हे काय? मी म्हटलं, मशीनचा वाढदिवस. मला तेवढंच सांगता आलं. ती हसली आणि चालवून घेतलं. त्या दिवशीचं काम मी आदल्या दिवशी उरकून ठेवायचो.

त्या सकाळी मी लवकर आलो. देशी किराणा दुकानातून झेंडू आणला होता. मांडणीवर एकच जोड राहिला होता, त्या पोराचा. नाडीच्या एका भोकाची कडी तुटली होती म्हणून आदल्या संध्याकाळी दिला होता. वर चिठ्ठी बांधलेली. मालकिणीच्या अक्षरात, मोठ्या अक्षरात, मलाही कळेल असं: फक्त भोक. पात्याला हात लावू नये.

मी ती वाचली. हे मी लपवत नाही. वाचली, समजली, आणि भोकाची कडी नीट बसवली. मग पातं बघितलं, तर बोथट. पार बोथट. हे खेळाडू लोक असतातच तसे, चांगलं चाललंय तोवर काही बदलायचं नाही. कुणी मोजे धूत नाही, कुणी दाढी करत नाही. यानं धार लावणं थांबवलं होतं. पण माझ्यासमोर ते पातं, खंडेनवमीच्या सकाळी, असं मेंगळट. सगळी हत्यारं धार लावून ओळीनं मांडलेली आणि ज्याला आज दुपारी खरी लढाई लढायची त्याचंच तसं ठेवायचं? मनात म्हटलं, नुसता एक हात फिरवू. हलकासा. त्याचं बरंच होईल.

फिरवला. दोन्ही पात्यांवरून. छान लावला, वडिलांनी मान डोलावली असती असा. बूट पुसून मांडले, कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. आणि डोळे उघडताना नजर चाकावर गेली.

चाकाचा आकार मी बदललाच नव्हता. आदल्या दिवशी शेवटचे आलेले सगळे बूट क्लासच्या पोरांचे होते. चाकाला आकार त्यांचा, खोल पन्हळीचा.

पातं नखावर टेकवलं. नख खरवडून निघालं.

मी स्टुलावर बसलो. किती वेळ, माहीत नाही. बाहेर क्लासची मुलं आली, शिट्ट्या वाजायला लागल्या, आणि काचेवर टकटक झाली.

"काय रे, प्रसाद-बिसाद आहे की नुसतीच फुलं?" काकू आत येत म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं आणि थांबल्या. "काय होऊन राहिलं तुला?"

"काकू, मला बरं नाही. मी घरी जातो. मालकीण आली की तेवढं सांगा."

"कुठे दुखतंय?"

"पोटात."

"पोटात दुखणारा माणूस वाकतो. तू ताठ बसून राहिलास. बोल लवकर, माझा गुडघा उभा राहू देत नाही."

मी उठून त्यांना स्टूल दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी बूट मांडीवर घेतला, चष्मा वर केला, पात्याकडे बघितलं.

"मला काय कळणार यातलं. किती बिघडलं?"

"बिघडलं नाही हो. जास्त चांगलं झालंय. तेच वाईट झालंय. तो मारायच्या आधी आडवा सरकतो ना, तिथे आता पाय रुतणार. पडेल तो. सगळ्यांसमोर पडेल."

काकूंचा चेहरा उतरला. या पोराची एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती. काचेजवळ उभ्या राहून "मार रे बाळा, मार!" असं ओरडायच्या आणि त्यांची नात "आजी, स्टॉप इट!" म्हणत त्यांचा मफलर ओढायची. आजूबाजूचे गोरे म्हातारेसुद्धा आता "माऱ्रे बाला" ओरडायला शिकले होते.

"परत घासून पहिल्यासारखं करता येतं की नाही?"

"येतं. चाकाचा आकार बदलून, अर्ध्या तासाचं काम. पण पूजा झाली काकू. आज मशीन चालवायचं नाही. आणि..." मी आवाज खाली आणला, "गुपचूप करून ठेवलं तर कळणारसुद्धा नाही कुणाला."

"पूजेचं मी बघते," काकू म्हणाल्या. "पण गुपचूप काही करायचं नाही. एकदा न विचारता हात लावलास तेवढं पुरे झालं. तो येऊ दे, त्याला सांग, मग तो म्हणेल तसं."

"माझी नोकरी जाईल."

"जाऊ शकते," काकू म्हणाल्या. मला वाटलं होतं, नाही रे, असं म्हणतील.

"मग तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

"चांगलंच आहे. पण मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांगितलंस तर कबुली."

खुंटीवरचं जाकीट काढलं आणि एक हात बाहीत घातला. काकू स्टुलावरून हलल्या नाहीत, पण पाय लांब करून दारात आडवा ठेवला, तो दुखरा.

"आज गेलास ना, तर सोमवारी यायला तोंड राहणार नाही तुला. मग मंगळवारी तर नाहीच नाही."

त्यांना काही माहीत नव्हतं. त्या आपल्या बोलून गेल्या. पण माझा दुसरा हात बाहीत गेलाच नाही.

कारण शाळा मी अशीच सोडली होती. नववीत बीजगणिताचा पेपर तपासून हातात मिळाला आणि गुरुजी म्हणाले, वडिलांची सही आण. मी वडिलांना दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी सही नाही म्हणून गेलो नाही, नदीवर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी, काल का आला नाहीस, याचं उत्तर नव्हतं. आठवडा झाला. मग महिना. मला शाळेतून कुणी काढलं नव्हतं. कुणी मारलंही नसतं फारसं. लोकांना मी सांगत आलो की घरची परिस्थिती तशी होती. परिस्थिती बरी होती. एका सहीची गोष्ट होती.

हे मी काकूंना सांगितलं. ताईलाही कधी सांगितलं नव्हतं. एक हात बाहीत, एक बाहेर, असा उभा राहून सांगितलं.

काकूंनी चष्मा खाली घेतला. मग म्हणाल्या, "जाकीट एक तर पूर्ण घाल, नाही तर पूर्ण काढ. बुजगावण्यासारखा दिसून राहिलास."

मी काढलं.

तेवढ्यात नात आली, हेल्मेट काखेत. "आजी, आय ॲम हंग्री."

"थांब जरा. इथे या काकांचं महत्त्वाचं काम चाललंय."

"इज ही इन ट्रबल?"

"हो. पण निघेल त्यातून."

मग काकूंनी नातीला केळं दिलं आणि माझ्याकडे वळल्या. "तांदूळ आहेत?" पूजेच्या अक्षता उरल्या होत्या. काकू उठल्या, मशीनसमोर हात जोडले, पुटपुटल्या काहीतरी, अक्षता वाहिल्या आणि चाकावरचं फूल उचलून माझ्या हातात दिलं. सकाळच्या साडेदहाला, नवमीच्या दिवशी, उत्तरपूजा!

"झालं. देव हलवले. आता यंत्र मोकळं. दसऱ्याला उद्या पुन्हा कर पूजा, दुप्पट कर."

"चालतं असं?"

"मी बत्तीस वर्षं घरच्या गौरी हलवून राहिले. मला विचारतोस चालतं का?"

पोरगा साडेअकराला आला. सोबत मालकीण, कॅमेरेवाले कुठे उभे राहणार ते त्याला सांगत होती. त्याच्या चेहऱ्याचा रंग त्या दिवशी ठीक नव्हता, हे माझ्याही लक्षात आलं. काकू कोपऱ्यात, नातीला जवळ धरून उभ्या. मला सगळं इंग्रजीत जुळवून ठेवायला तासभर मिळाला होता आणि तोंड उघडलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य हाताशी नव्हतं.

मी बूट काउंटरवर ठेवले आणि म्हटलं, "मी धार लावली. सॉरी. चुकीची लावली."

मालकिणीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे. "चिठ्ठीवर काय लिहिलंय?"

मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हणजे वाचता आलं होतं."

"हो."

"मग?"

आज हत्यारांचा दिवस, हे मला सांगायचं होतं. शब्दच सापडेना. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी तेवढंच सांगितलं, अगदी थोडक्यात: आज आमच्याकडे कामाची हत्यारं पुजतात, आणि बोथट हत्यार पुजायचं नसतं. पुढचं यानंच सांगायचंय, असं म्हणून त्या गप्प झाल्या. मग चाकाचं मी सांगितलं, हातवारे करून. खोल, उथळ, पाय रुतणार, पडशील.

पोरगा बाकावर बसला. बूट मांडीवर घेतला, अंगठा काठावर आडवा फिरवला. मालकीण त्याच्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. बाहेर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरत होती.

"किती बोथट होतं, सर?" त्यानं मला विचारलं.

मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं. त्यानं पुन्हा विचारलं.

"खूप," मी म्हटलं. "फार खूप."

त्यानं श्वास सोडला. सोडतच राहिला. "मागच्या दोन मॅच मी घसरत होतो," तो म्हणाला. "मला कळत होतं. रोज वाटायचं, धार लावून घ्यावी. पण हात लावू दिला आणि गोल झाला नाही तर? माझा धीरच होईना. आई म्हणाली, कोच म्हणाले, मी कुणाचं ऐकलं नाही. मला झोप नाही आठवडाभर." आणि एकाएकी तो हसायला लागला, डोळ्यात पाणी येईपर्यंत. मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की हा सोळा वर्षांचा आहे.

"ठीक करता येईल?" त्यानं विचारलं.

"अर्धा तास."

"नेहमीसारखी करा. सिलसिला सुरू व्हायच्या आधी करायचात तशी." मग बुटावर बोट ठेवून, "हे लाल काय आहे?"

काकू म्हणाल्या, "ब्लेसिंग."

"मग ते पुसू नका."

मालकिणीनं बुटावरची चिठ्ठी सोडून घेतली. मग म्हणाली, "कर." एवढंच. मला त्यावरून काहीच कळलं नाही.

मी चाकाला त्याचा उथळ आकार दिला. एकदा चाक फिरायला लागल्यावर मला काही आठवावं लागलं नाही. हाताला ते माहीत असतं.

मॅच दोनला. एवढी गर्दी मी रिंकवर बघितली नव्हती. पायऱ्यांवरसुद्धा लोक. मी दुकान सोडून काचेपर्यंत गेलो नाही. आमच्या दाराजवळ बर्फावरून येणाऱ्यांसाठी रबराची जाड चटई टाकलेली असते, तिथे उभा राहिलो. लोकांच्या मधल्या फटीतून बर्फाचा एक तुकडा दिसायचा. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असतात. पहिल्या डावात काही नाही. दुसऱ्यात तो एकदा पडला, माझ्या तुकड्यातच पडला, आणि मी भिंत धरली. उठला. नंतर कळलं, समोरच्यानं ढकललं होतं.

मधल्या सुट्टीत काकू आल्या, कागदी ग्लासात चहा घेऊन. "चहा म्हणून गरम पाणी देतात लेकाचे. घे."

"काकू, नाही झाला गोल तर?"

"नाही झाला तर नाही झाला. तू सांगितलंस, त्यानं ऐकलं, तू नीट करून दिलंस. आता तो पाय त्याचा आहे. पी."

तिसऱ्या डावात मला बघवेना. तोंड फिरवलं. समोर चिप्स-चॉकलेटचं मशीन होतं, त्यातल्या पाकिटांची नावं वाचत राहिलो, अक्षर लावून. चौथ्या ओळीपर्यंत आलो असेन. मागे सगळ्या लोकांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज झाला. मग भोंगा. मग असा आवाज, की मशीनची काच थरथरली, आणि त्या सगळ्याच्या वरून, सगळ्यांपेक्षा चिरका, नागपूरचा: "मारला रे! मारला रे बाळा!"

मी त्या चटईवर खालीच बसलो. लोक माझ्यावरून उड्या मारून पळत होते. मला उठावंसं वाटेना. इथे आल्यापासून पहिल्यांदा मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

तो गोल मी नंतर फोनवर बघितला. डावीकडे वळतो, आडवा सरकतो, लांबवर सरकतो, आणि डावा पाय कुठे रुतत नाही.

कॅमेरे, फुगे, सह्या सगळं उरकून पोरगा मोज्यांवरच दुकानात आला. बूट काउंटरवर ठेवले, स्वतःच चिठ्ठी लिहिली आणि बांधली. तो गेल्यावर मी वाचली. लिहिलं होतं: पात्याला हात लावावा.

मालकीण गल्ला बंद करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "यापुढे चिठ्ठीवर लिहिलंय म्हणजे लिहिलंय. देवाचा दिवस असला तरी." मग दिवे मालवताना, "सोमवारी दहाला ये. क्लासचे बूट खूप आहेत."

ताईला घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती रडली, मग रागावली, मग शाळेचं ऐकून पुन्हा रडली. दाजी म्हणाले, "आता कळलं तू कुणाला घाबरायचास. सहीला!" आम्ही सगळे हसलो. मी जास्त हसलो.

त्या पोराचा सिलसिला पुढे काही मॅचनंतर तुटला. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो आरामात पिझ्झा खात दुकानात बसला होता. त्या हिवाळ्यात त्यानं आणखी रेकॉर्ड मोडले, लोकांनी मोजले, मी त्याची पाती मोजत राहिलो. वसंतात मोठ्या टीमची माणसं येऊन त्याला घेऊन गेली, लांबच्या राज्यात. आता लहान पोरं येतात, त्याच्या नावाचा शर्ट घालून, आणि विचारतात, त्याच्या स्केटला तुम्हीच धार लावायचात ना? मी म्हणतो, हो. एकदा चुकीचीसुद्धा लावली. त्यांना तेच जास्त आवडतं.

काकू आता इथे नाहीत. मुलानं नोकरी बदलली, सगळे लांब दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला गेले. शनिवारी त्यांचा फोन येतो. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात आणि पुढे ढकलतात. तो पोरगा गेल्यापासून त्यांनी त्याला समोरासमोर खेळताना बघितलेलं नाही, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बघतात. "काच नसली की ओरडायला मजा नाही रे," परवा म्हणाल्या.

काकू, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी दारात पाय आडवा घातलात, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. लोक म्हणतात, एक-दोन वर्षांत तो सगळ्यात मोठ्या लीगच्या बर्फावर उतरेल. ज्या गावात उतरेल त्या गावात. मी विमानात एकदाच बसलोय, तेही ताईनं दोन्ही टोकांना माणसं उभी केली होती म्हणून. पण त्या पहिल्या मॅचला तुम्हाला न्यायला मी स्वतः मॉरिसव्हिलला येईन, एकटा, विमान बदलून. तुमची बॅग मी उचलेन, आणि काचेला अगदी लागून असलेल्या खुर्चीत तुम्हाला बसवेन. गुडघ्यांचं तेवढं तोवर उरकून घ्या. मी येणार आहे, हे नक्की.